शलोमीबाईंना पुढे यायचं होतं

आमच्या मंडळीने यंदापासून दिव्यांग रविवार पाळायचं ठरवलं आहे. त्यासाठी स्मरणिका निघणार आहे. तिच्यात पाळकसाहेबांचा संदेश असेल, फ्लॅट आणि फर्निचरच्या जाहिराती असतील, आणि ख्रिस्तवासी शलोमीबाई आढाव यांच्यावर एक पान असेल. ते पान मी लिहावं, असं भालेरावकाकांनी मला उपासनेनंतर दारात गाठून सांगितलं. भालेरावकाका म्हणजे आमच्या पंच कमिटीतले सर्वांत जुने पंच. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मास्तर, चांगलं चांगलं लिहा. सोशिक होत्या, हसतमुख होत्या, कधी तक्रार नाही. तरुणांना प्रेरणा मिळाली पाहिजे."

मी मान हलवली आणि बाहेर येऊन थुंकलो. खरोखर थुंकलो, गटाराच्या कडेला उभा राहून. माझ्या वयाच्या, रविवारच्या इस्त्रीच्या कपड्यातल्या माणसाला ते शोभत नाही. पण तोंडात जे आलं होतं ते गिळवेना.

शलोमीबाई सोशिक नव्हत्या. हसतमुख तर मुळीच नव्हत्या. त्या हसायच्या तेव्हा समोरच्याचं काहीतरी चुकलेलं असायचं. आणि तक्रार? तक्रार करण्यात त्यांचा हात धरणारं माणूस अंबरनाथ ते बदलापूर मी पाहिलेलं नाही. तेव्हा स्मरणिकेचं पान दुसरं कोणी लिहील, तसं लिहिणारे आमच्याकडे रग्गड आहेत. मी हे लिहितोय ते स्मरणिकेसाठी नाही.

मी अंबरनाथच्या आमच्या मराठी चर्चमध्ये पेटी वाजवतो. पेटी पुढे, वेदीच्या डाव्या हाताला असते आणि मी लोकांकडे तोंड करून बसतो. त्यामुळे मला सगळ्यांचे चेहरे दिसतात. पाळकाला दिसत नाहीत इतके दिसतात, कारण पाळक बोलण्यात गुंग असतो. कोण प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतं, कोण कोणाची साडी न्याहाळतं, कोण कोणाकडे पाहून नाक मुरडतं, हे इतक्या वर्षांत पाहून पाहून मला माणसांचा थोडा वीटच आलेला आहे. शलोमीबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेही तिथूनच, मुख्य दाराच्या चौकटीत.

त्या तेव्हा नुकत्याच उल्हासनगर सोडून बदलापूरला, हेंद्रेपाड्यात राहायला आल्या होत्या. तळमजल्याचा छोटा फ्लॅट, सोबतीला भाची रूथ. लहानपणी पोलिओ झालेला. डाव्या पायात कॅलिपर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगतो, मांडीपासून टाचेपर्यंत पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळया, त्यांना चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी एक कडी, आणि खाली त्या सळया बुटाच्या टाचेतच ठोकून बसवलेल्या. बूट आणि सळया वेगळे होत नाहीत. बूट काढायचा म्हणजे सगळा सांगाडाच काढायचा, आणि तो काढला की पाय उभा राहत नाही.

आणि आमच्या चर्चमध्ये चपला बाहेर काढतात. आमची जुनी घरं जालना-नगरकडून इकडे कारखान्यांच्या कामाला आली, तेव्हा ही रीत सोबत घेऊन आली. रीत वाईट नाही. मलाही आवडते. थंड फरशीवर अनवाणी पाय ठेवला की माणूस आपोआप हळू बोलतो.

त्या रविवारी दारात भालेरावकाका उभे होते. सुरुवातीचं गीत चालू होतं आणि मी पाहिलं की त्यांनी हात आडवा धरलाय. कडवं संपलं, पेटी थांबली, आणि त्या शांततेत काकांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"बाई, चपला-बूट बाहेर."

"निघत नाही हा," शलोमीबाई म्हणाल्या. "पायासकट आहे."

"इथे पद्धत आहे. पवित्र जागा आहे."

"मग पाय पण काढून ठेवू का? रॅकवर बसेल? नंबर द्याल का?"

कोणी हसलं नाही. मी हसलो, पण मी पेटीमागे होतो. शेवटी तोडगा निघाला. आमच्याकडे तोडगा काढण्यात लोक फार हुशार आहेत. दाराला लागून, चपलांच्या रॅकशेजारी एक जुना बाक होता. तिथपर्यंत सतरंजी येत नाही. तिथे बूट घालून बसलं तर चालेल, असं ठरलं. तात्पुरतं. ते तात्पुरतं नऊ-दहा वर्षं चाललं.

त्या बाकावर त्या एकट्या राहिल्या नाहीत. जो कोणी आमच्या मंडळीच्या डोळ्यांत खुपायचा तो हळूहळू तिथे सरकवला जायचा. कानांनी अजिबात ऐकू न येणारे एक बाबा होते, कारण ते गीत संपल्यावरही गात राहायचे. एक आई आणि तिची विशीतली मुलगी होती. ती मुलगी मध्येच टाळी वाजवायची, मध्येच ओरडायची. तिने टाळी वाजवली की पुढच्या सगळ्या माना गर्रकन मागे वळायच्या. मग शलोमीबाई त्या मानांकडे एकेक करून बघायच्या आणि पुरेशा मोठ्याने विचारायच्या, "काय झालं? टाळी कधी ऐकली नाही?" बहिऱ्या बाबांना त्या उपदेश हातवाऱ्यांनी सांगायच्या. उपदेश लांबला की त्या पोटावरून हात फिरवून दाखवायच्या, की बाबा, जेवणाची वेळ गेली. बाबा खो खो हसायचे आणि पाळकसाहेबांचा धागा तुटायचा.

मला त्या फार आवडायच्या असं नाही. गीत म्हणताना त्या अर्धी मात्रा आधी सुटायच्या, आणि आवाज असा की सगळी मंडळी त्यांच्यामागे ओढली जायची आणि मी पेटीवर धावत बसायचो. सांगितलं तर म्हणायच्या, "मास्तर, तुम्ही स्लो आहात." उपदेश चालू असताना चणे खायच्या. रूथला चारचौघांत टाकून बोलायच्या. कोणाचं कौतुक म्हणून करायच्या नाहीत. बूट मात्र असे चमकवायच्या की बघत राहावं. शनिवारी संध्याकाळी कडीला शिलाई मशीनचं तेल घालायच्या आणि रविवारी त्या आत आल्या की त्या तेलाचा आणि बूटपॉलिशचा वास यायचा. आमच्या महिला मंडळाच्या बायका त्या वासाने नाकाला पदर लावायच्या. त्याच बायका बाहेर गटार झालेल्या वालधुनी नदीच्या पुलावर उभ्या राहून आरामात पाणीपुरी खायच्या.

'दिव्यांग' या शब्दाची त्यांना भयंकर चीड. कोणी तो वापरला की त्या गुडघ्याशी पट्टा थोडा सरकवून खालची लाल झालेली कातडी दाखवायच्या. "उन्हाळ्यात घामोळं येतं, ते खाजवता येत नाही. ह्यात दिव्य काय आहे, दाखवा ना मला." समोरचा माणूस नजर फिरवायचा. त्या फिरवलेल्या नजरेचा त्यांना आनंद व्हायचा, असं मला नेहमी वाटलं.

त्यांची उमेदीची सगळी वर्षं उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेली. एका सिंधी शेठच्या कापडाच्या होलसेल दुकानात त्या गल्ल्यावर होत्या. तिथे सगळे त्यांना 'अदी' म्हणायचे, म्हणजे बहीण. त्यामुळे त्यांची भाषा अर्धी दुकानाची होती. 'खाली-पिली', 'सेटलमेंट', 'माल वापस' असले शब्द त्या प्रार्थनेबद्दलसुद्धा वापरायच्या. एकदा चर्चबाहेरच्या टपरीवर चहा पिताना त्यांनी मला शेठची गोष्ट सांगितली.

"पहिल्या दिवशी मी काउंटरच्या मागे उभी. काउंटर उंच. बसले तर मी दिसत नाही, उभी राहिले तर पाय भरतो. शेठने दहा मिनिटं बघितलं. मग बोलला, 'अदी, ये काउंटर तेरे को ऊंचा पडता है क्या?' मी बोलले, हां शेठ. तो बोलला, 'कितना काटूं?' बस. दुपारी सुतार आला. माझ्याकडून माप घेतलं, काउंटर कापलं, भुसा झाडला, धंदा चालू. ना प्रार्थना, ना फोटो, ना भाषण."

"चांगला माणूस," मी म्हणालो.

"चांगला कसला? एक नंबरचा चिक्कू होता. दिवाळीला जुनी मिठाई द्यायचा. पण त्याने मला विचारलं, मास्तर. कितना काटूं. आपल्या चर्चमध्ये आजपर्यंत एकाने मला विचारलं नाही."

हे खरं होतं. आमच्याकडे विचारत नाहीत. आमच्याकडे प्रार्थना करतात.

दर वर्षी आमच्याकडे उज्जीवन सभा होतात, बाहेरून उपदेशक बोलावतात, मैदानात मांडव घालतात. एका वर्षी आलेले पाहुणे चांगले धिप्पाड होते, माईक असूनही ओरडून बोलणारे. त्यांची नजर कॅलिपरवर पडली मात्र, त्यांचा चेहरा उजळला. अशा लोकांना लंगडा माणूस दिसला की हरवलेला पैसा सापडल्यासारखा आनंद होतो. विचारलं नाही, सवरलं नाही, दोन स्वयंसेवक पाठवले आणि शलोमीबाईंना दोन्ही दंडांना धरून स्टेजजवळ आणलं. पाहुण्यांनी तेलाची बाटली काढली, त्यांच्या कपाळावर तेल थापलं, आणि डोकं मागे ढकलत आरोळ्या सुरू केल्या. मी स्टेजवर पेटीशी होतो. खालून बायका हात वर करून रडत होत्या. शलोमीबाईंच्या कपाळावरून तेल ओघळून डोळ्यांत जात होतं आणि त्यांना ते पुसता येत नव्हतं, कारण हात धरलेले होते. ते दृश्य आठवलं की मला आजही शिसारी येते.

मग त्यांनी एक हात हिसडून सोडवला, डोळे पुसले, आणि तोच तेलकट हात वर करून पाहुण्यांच्या टकलावर ठेवला. माईक पाहुण्यांच्या कॉलरला होता, त्यामुळे पुढचं सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"हे प्रभू, ह्या भावाची शुगर खाली आण. त्याचं पोट आत घाल. त्याचे गुडघे गेलेत, स्टेज चढताना मी बघितलंय, ते नीट कर. आणि प्रभू, त्याचा आवाज पण थोडा कमी कर. आमेन."

मांडवात बहिऱ्या बाबांशिवाय कोणी आमेन म्हटलं नाही. बाबांनी त्यांचे हलणारे ओठ पाहिले होते आणि अंदाजाने जोरात म्हणाले.

त्यानंतर आठवडाभर महिला मंडळात एकच चर्चा. विश्वास कमी पडला. मन कठीण आहे. कोणी म्हणे आईवडिलांचंच काहीतरी पाप असेल. हे बोलणाऱ्या बायका मी जन्मापासून ओळखतो. त्यातल्या एकीचा मुलगा दारूच्या पायी गेला, एकीची सून तीन महिन्यांत माहेरी पळाली, पण त्यांच्या विश्वासाचं मोजमाप कोणी काढलं नाही. मोजमाप फक्त ज्याचं उणं बाहेरून दिसतं त्याचंच निघतं.

शलोमीबाई मला म्हणाल्या, "पायाचं माझं सेटलमेंट केव्हाच झालंय. चर्चच्या दरवाजाचं बाकी आहे."

दरवाजाचं म्हणजे काय, ते त्यांनी सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगितलं. आमच्याकडे प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. लोक दहा-बाराच्या ओळीने पुढे जातात, वेदीसमोर लाल गालिच्यावर कठड्याशी गुडघे टेकतात, आणि पाळकसाहेब भाकर आणि प्याला देत ओळीवरून जातात. मागच्या बाकाला मात्र सगळं संपल्यावर तिथेच नेऊन द्यायचे. रॅकशेजारी. पावसाळ्यात तर ओल्या चपलांच्या आणि मोज्यांच्या दर्पात. शलोमीबाई म्हणाल्या, "मला तीन गोष्टी पाहिजेत. बाहेरच्या पायऱ्यांना एक रेलिंग, हाताला धरायला. पुढे बसायला जागा. आणि प्रभुभोजनाला मी पुढे येणार, बूट घालून, आणि उभी राहणार, कारण मला टेकता येत नाही. भाकरीचा तुकडा नखाएवढा असतो. तो मला पार्सल नको. सगळ्यांच्या ओळीत पाहिजे."

सभा एकदम प्रेमळ झाली. सगळे गोड हसले. पाळकसाहेब म्हणाले, फार महत्त्वाचा मुद्दा आहे. भालेरावकाका म्हणाले, कमिटी यावर प्रार्थनापूर्वक विचार करील. कमिटीने वर्षभर प्रार्थनापूर्वक विचार केला आणि ग्रॅनाइटचा रॅम्प बांधला.

रेलिंग मागितली होती, रॅम्प मिळाला. तोही असा की काळा, आरशासारखा गुळगुळीत आणि उभा चढ. साधी माणसंसुद्धा त्यावर भिंत धरून चालायची. कॅलिपर घातलेल्या माणसाने त्यावर पाय ठेवला असता तर थेट रस्त्यावर आला असता. कोणाच्या स्मरणार्थ बांधला त्याची संगमरवरी पाटी मात्र सुबक होती. आणि रॅम्प संपायचा बरोबर चपलांच्या रॅकपाशी.

उद्घाटनाला बिशपसाहेब येणार होते. आदल्या दिवशी भालेरावकाकांनी मेडिकलवाल्याकडून भाड्याने व्हीलचेअर आणली आणि शलोमीबाईंना फोन केला. त्या माझ्यासमोरच होत्या, टपरीवर. फोन स्पीकरवर होता.

"बाई, उद्या तुम्ही खुर्चीत बसायचं. दोन पोरं ढकलतील. बिशपसाहेब फीत कापतील."

"मी खुर्चीत बसत नाही काका. मी चालते."

"चालता हो, चालता. आम्हाला माहीत नाही का? पण फोटोत रॅम्प दिसायला पाहिजे ना. नुसतं बसा. दोन मिनिटांचं काम."

"काका, फोन ठेवते. तोंडात चहा आहे, उगीच बाहेर यायचा."

त्या बसल्या नाहीत. मग काकांनी स्वतःच्या बायकोला बसवलं. काकूंचे गुडघे दुखायचे, तेवढं पुरलं. दोन पोरांनी त्यांना ढकलत वर नेलं, घसरू नये म्हणून तिसऱ्याने मागून छातीने रेटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, काकूंनी हात हलवला. वर पोचल्यावर त्या खुर्चीतून टुणकन उठल्या आणि वडापाव आले का ते बघायला गेल्या. हा फोटो आमच्या कार्यालयात फ्रेम करून लावलेला आहे. दुसऱ्या आठवड्यापासून तरुण संघाच्या मोटारसायकली त्या रॅम्पवर लागायला लागल्या.

पण त्या दिवशी खरी गोष्ट घडली ती आत. बिशपसाहेब आणि त्यांच्याबरोबरची चार मोठी माणसं दारातून सरळ आत आली, मधल्या वाटेने पुढे गेली, लाल गालिच्यावर चढली आणि वेदीशी उभी राहिली. पायांत बूट. काळे, लेसचे, रस्त्याच्या चिखलाने भरलेले. दारात भालेरावकाका होते. त्यांनी त्या बुटांकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि हात जोडले. बिशपसाहेबांचा दोष नाही, त्यांना आमची रीत माहीत नसणार. सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांची जीभ लुळी पडली.

मी मागच्या बाकाकडे पाहिलं. शलोमीबाई त्या बुटांकडे बघत होत्या. चणे खायचं त्यांनी थांबवलं होतं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी पहिली ओळ उठली आणि मागून लोखंडाचा आवाज यायला लागला. फरशीवर बूट, मग सळईची करकर, मग बूट. त्या मधल्या वाटेने येत होत्या. केस चापून बसवलेले, ठेवणीतली जांभळी साडी. मी गीत वाजवत होतो ते वाजवत राहिलो. काका उठून अर्धवट आडवे आले, पण भर उपासनेत बाईला धरायचं कसं, म्हणून तसेच बाजूला झाले. शलोमीबाई गालिच्यावर चढल्या आणि कठड्याच्या मध्यावर, टेकलेल्या बायकांच्या ओळीत, सरळ उभ्या राहिल्या.

पाळकसाहेब भाकर देत आले. शलोमीबाईंच्या डाव्या बाजूच्या बाईला दिली. मग एक पाऊल पुढे टाकलं आणि उजव्या बाजूच्या बाईला दिली. जाता जाता पुटपुटले, "बाई, जागेवर चला, तिथे आणतो ना मी."

"जागा इथेच आहे साहेब," त्या म्हणाल्या.

ओळ उठली. दुसरी आली. त्या उभ्याच. तिसरी आली. लोक त्यांच्या आजूबाजूला टेकायचे, घ्यायचे, उठायचे, त्यांच्याकडे न बघता जायचे. दोघी-तिघींनी अंग आखडून घेतलं, बुटाला साडी लागू नये म्हणून. त्या साड्या आवरणारी बोटं मी अगदी जवळून पाहिली आणि त्याच बोटांनी भाकर घेतलेलीही पाहिली. गीताची कडवी संपली, मी पहिल्यापासून सुरू केलं. सगळी मंडळी झाली. समोर फक्त त्या.

मग पाळकसाहेबांनी ताट आणि प्याला उचलला, त्यांच्या बाजूने वळसा घातला, आणि मधल्या वाटेने थेट मागे चालत गेले. मागच्या बाकावर बाबांना दिलं, आईला दिलं, त्या मुलीला दिलं. आणि त्यांच्या शेजारच्या, शलोमीबाईंच्या रिकाम्या जागेसमोर ताट धरून उभे राहिले. चपलांच्या रॅकला लागून. तिथे कोणी बसलेलं नाही, आणि साहेब ताट धरून उभे.

पेटी मी बंद केली. शलोमीबाई मागे वळल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"साहेब, मी इथे आहे."

पाळकसाहेबांनी भालेरावकाकांकडे पाहिलं. काकांनी मान आडवी हलवली, अगदी थोडी. साहेबांनी पांढरा रुमाल ताटावर टाकला. ते दुष्ट नाहीत, मला माहीत आहे. घाबरट आहेत. दुष्ट माणसाचा मला राग येतो, पण भरल्या ताटावर रुमाल टाकणाऱ्या घाबरट माणसाची मला किळस येते, आणि त्या दिवसापासून ती गेलेली नाही. शलोमीबाई गालिच्यावरून उतरल्या, साहेबांच्या शेजारून गेल्या, आणि पायऱ्यांच्या भिंतीला हात लावत लावत खाली गेल्या. मग बाजूला चाकं लावलेली त्यांची स्कूटर चालू झाल्याचा आवाज आला.

त्या परत आल्या नाहीत. दोन-तीन महिन्यांनी साहेब आणि काका घरगुती प्रभुभोजनाचं सामान घेऊन हेंद्रेपाड्यात गेले. कमिटीने त्यांचं नाव आजारी सभासदांमध्ये घातलं होतं. रूथने मला नंतर सांगितलं की मावशीने दोघांना चहा दिला, खारी दिली, फॅन लावला, आणि मग म्हणाली, "हे आजाऱ्यांचं आहे, मी आजारी नाही. माल वापस." काका म्हणाले, बाई, देवाशी असा हट्ट बरा नाही. ती म्हणाली, "काका, देव कुठे अडवतोय मला?"

त्याच वर्षी त्या गेल्या. छातीत दुखलं, रिक्षात घालेपर्यंत सगळं आटोपलं. नाव अजून आमच्याच मंडळीत असल्यामुळे अंत्यविधी आमच्या चर्चमध्ये झाला, आणि गर्दी बघाल तर नाताळसारखी. त्यांची बातमी कळताच भालेरावकाका सर्वांच्या आधी घरी हजर झाले होते. बायकांनी शलोमीबाईंना साडी नेसवली, शवपेटीत ठेवलं. काकांनी तिथेच सांगून कॅलिपर काढून ठेवायला लावलं. म्हणाले, आता त्याची काय गरज, चर्चमध्ये न्यायचंय.

शवपेटी मधल्या वाटेने आली आणि सरळ लाल गालिच्यावर, वेदीसमोर ठेवली. कोणी अडवलं नाही. पांढऱ्या मोज्यातले दोन पाय, एक भरलेला, एक बारीक. पाळकसाहेबांनी संदेशात सांगितलं की आता आमची बहीण स्वर्गात धावत असेल, नाचत असेल. बायकांनी डोळे पुसले. त्यांना जिवंतपणी चालू दिलं नाही, आणि मेल्यावर नाचायला लावत होते. मी पेटीच्या पट्ट्यांवर हात ठेवून बसलो होतो.

शेवटचं गीत झालं. सगळ्यांनी शेवटचा चेहरा बघून घेतला. काका झाकण घेऊन पुढे आले, तेव्हा रूथ उठली. तिच्या हातात मोठी कापडी पिशवी होती. ती गालिच्यावर चढली, गुडघे टेकून बसली, आणि पिशवीतून तिने कॅलिपर काढला, बुटासकट, आणि दुसरा बूटही. दोन्ही आदल्या रात्रीच पॉलिश केलेले असावेत. वेदीवरच्या मेणबत्त्या त्यांच्यात दिसत होत्या.

"पोरी, आता कशाला?" काका हळूच म्हणाले. "गाडी थांबलीय. उशीर होतोय."

"मावशीला इथे बूट घालूनच यायचं होतं," रूथ म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मावशीचा आवाज तिच्यात आहे, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तिने लेस पूर्ण सोडून बूट उघडला. पाय ताठ झाला होता, सहज जाईना. ती टाच धरून हळूहळू सरकवत राहिली. कोणी मदतीला आलं नाही, आणि कोणी तिला थांबवण्याचीही हिंमत केली नाही. बूट बसला. मग तिने सळया सरळ केल्या आणि घोट्याचा पट्टा ओढला. मग पोटरीचा. मग गुडघ्याची कडी खटकन लागली, तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, आणि तिथे त्या मुलीने टाळी वाजवली. या वेळी एकही मान मागे वळली नाही. मांडीचा पट्टा राहिला होता. रूथ घाईत नव्हती. भालेरावकाका लाल गालिच्याच्या काठावर दोन्ही हातांत ते जड झाकण धरून उभे होते, आणि शेवटचा पट्टा लागेपर्यंत त्यांना तसंच उभं राहावं लागलं.